अकिलीस कंडरा तुटणे

अकिलीस कंडरा तुटणे ही पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड कंडरा पूर्णतः किंवा अंशतः फाटण्याची दुखापत होय. ही मानवी शरीरातील सर्वांत जाड व सर्वांत बळकट कंडरा आहे; तरीही पायातील कंडरांपैकी हीच सर्वाधिक वेळा तुटताना आढळते. तिशी ते पन्नाशीच्या वयोगटातील, अधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांमध्ये ही दुखापत विशेष दिसते. गेल्या काही दशकांत अनेक देशांत तिचे प्रमाण वाढले आहे.

कंडरा पूर्णपणे तुटल्यानंतरही रुग्णाला पाऊल थोडेफार हलवता येते आणि लंगडत चालता येते. त्यामुळे पाय केवळ मुरगळला आहे अशी समजूत होऊन निदानास उशीर होण्याचा धोका असतो. वेळीच निदान झाल्यास शस्त्रक्रियेने किंवा शस्त्रक्रियेविना, अशा दोन्ही मार्गांनी कंडरा भरून येऊ शकते. उशीर झाल्यास मात्र उपचार अधिक गुंतागुंतीचे होतात आणि पोटरीचे बळ कायमचे उणावू शकते.

नाव

ग्रीक पुराणकथांतील अकिलीस या वीरावरून या कंडरेला हे नाव मिळाले. अकिलीसची आई थेटिस हिने त्याला अमर करण्यासाठी स्टिक्स नदीच्या पाण्यात बुडवले; परंतु तिने त्याला ज्या टाचेला धरले होते, तेवढा भाग कोरडा व म्हणून दुर्बल राहिला, अशी ही कथा आहे. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात हा प्रसंग नाही. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी स्टेशियस याच्या काव्यात येतो. फ्लेमिश शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप फेरहेयेन याने १६९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कंडरेसाठी अकिलीसचे नाव योजले आणि पुढे तेच रूढ झाले.

मराठी बोलीत टाचेवरच्या या जाड दोरीसारख्या भागाला घोडशीर म्हणतात. ‘शीर’ आणि ‘नस’ हे शब्द बोलीभाषेत रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिन्हींना लावले जातात. वास्तविक या तीन भिन्न रचना आहेत. रक्तवाहिनीतून रक्त वाहते, मज्जातंतू संवेदना व आज्ञा वाहून नेतो, तर कंडरा स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवते. ‘शीर आखडली’ किंवा ‘शीर दुखावली’ असे वर्णन केल्याने दुखापतीचे खरे स्वरूप झाकले जाऊ शकते.

शरीररचना आणि कार्य

पोटरीत दोन प्रमुख स्नायू असतात. वरचा दोन शिरांचा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो; त्याच्याखालचा चपटा स्नायू गुडघ्याच्या खाली, नडगीच्या व तिच्या शेजारच्या हाडापासून निघतो. या दोन्ही स्नायूंचे तंतू खाली एकत्र येऊन सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची अकिलीस कंडरा तयार होते आणि ती टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूस चिकटते. खाली उतरताना कंडरेतील तंतूंना पीळ पडतो. या पिळामुळे कंडरेला स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवता व परत देता येते.

चवड्यावर उभे राहणे, चालताना पाऊल मागे रेटणे, जिना चढणे, धावणे व उडी मारणे या सर्व क्रिया मुख्यतः या कंडरेवर अवलंबून असतात. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. काही मापनांत तो बारा पटींपर्यंत आढळला आहे.

कंडरा प्रामुख्याने कोलॅजेन या प्रथिनाच्या समांतर तंतूंची बनलेली असते. तिच्याभोवती रक्तवाहिन्यांनी युक्त असे पातळ वेष्टन असते. टाचेच्या हाडापासून सुमारे २ ते ६ सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. बहुतेक वेळा कंडरा याच पट्ट्यात तुटते.

प्रमाण

या दुखापतीचे प्रमाण प्रदेशानुसार बरेच बदलते. स्कॉटलंडमध्ये १९८१ साली दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ४.७ रुग्ण आढळत होते. १९९४ पर्यंत ही संख्या ६ झाली. फिनलंडमधील औलू शहरात १९७९ साली दर लाखामागे केवळ २.१ असलेले प्रमाण २०११ साली २१.५ वर पोहोचले. डेन्मार्कमध्ये १९९४ साली ते सुमारे २७ होते व २०१३ साली सुमारे ३१ झाले. स्वीडनमध्ये २००१ ते २०१२ या काळात पुरुषांमधील प्रमाण दर लाखामागे ४७ वरून ५५ वर, तर स्त्रियांमधील प्रमाण १२ वरून सुमारे १५ वर गेले. म्हणजे उत्तर युरोपातील एखाद्या दहा लाख वस्तीच्या प्रदेशात वर्षाला दोन-तीनशे जणांना ही दुखापत होते.

पुरुषांमध्ये ही दुखापत स्त्रियांच्या कित्येक पट आढळते. वयाचा विचार करता दोन गट दिसतात. पहिला व मोठा गट तिशी ते पन्नाशीतील व्यक्तींचा असून त्यांना ती बहुधा खेळताना होते. दुसरा गट साठीच्या पुढील व्यक्तींचा असून त्यांच्यात ती जिना उतरताना, पाय घसरल्यावर किंवा ठेचकाळल्यावर, अगदी साध्या हालचालीतही होऊ शकते. एकूण रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये दुखापतीचे निमित्त खेळ हे असते. स्कँडिनेव्हियन देशांत बॅडमिंटन, तर अमेरिकेत बास्केटबॉल या खेळांचा त्यात मोठा वाटा आहे.

वाढीचे प्रमुख कारण म्हणून मध्यमवयात खेळणाऱ्यांच्या वाढलेल्या संख्येकडे बोट दाखवले जाते. आठवडाभर बैठे काम करून सुट्टीच्या दिवशी एकदम जोरात खेळणाऱ्या व्यक्तींमध्ये कंडरा तेवढ्या ताणाला सरावलेली नसते.

कारणे

दुखापत कशी होते

स्वीडिश शल्यचिकित्सक आर्नर व लिंडहोल्म यांनी १९५९ साली या दुखापतीच्या तीन प्रमुख तऱ्हा नोंदवल्या. पहिल्या तऱ्हेत गुडघा सरळ होत असताना चवड्याने जमीन जोरात मागे रेटली जाते. धावण्यास सुरुवात करताना किंवा उडी घेताना असे घडते. दुसऱ्या तऱ्हेत पाऊल अनपेक्षितपणे वरच्या दिशेने वाकते, जसे खड्ड्यात पाय पडल्यावर किंवा जिन्याची पायरी चुकल्यावर होते. तिसऱ्या तऱ्हेत उंचावरून पडताना चवडा आधी टेकतो आणि खाली वळलेले पाऊल जोराने वर ढकलले जाते.

त्वचेला जखम न होता आतल्या आत कंडरा तुटणे हा प्रकार अधिक आढळतो. धारदार वस्तूने त्वचेसह कंडरा कापली जाणे हा वेगळा प्रकार आहे. भारतासह दक्षिण आशियाई देशांत बैठ्या शौचालयाच्या भांड्यात पाय घसरून त्याच्या फुटक्या कडेने कंडरा कापली गेल्याचे अनेक रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदवले गेले आहेत. सायकल वा मोटारसायकलच्या चाकात पाय अडकूनही, विशेषतः मुलांमध्ये, अशी इजा होते. अशा उघड्या जखमेत जंतुसंसर्गाचा धोका असल्याने जखम शस्त्रक्रियागृहात स्वच्छ करून कंडरा जोडणे आवश्यक ठरते.

कंडरेची झीज

अनेक रुग्णांना दुखापतीपूर्वी टाचेवर वा कंडरेत कोणताही त्रास जाणवलेला नसतो. तरीही ती कंडरा पूर्णतः निरोगी असतेच असे नाही. पेक्का कानुस व लाश्लो योझा यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपोआप तुटलेल्या ८९१ कंडरांचे (त्यांत अकिलीसव्यतिरिक्त इतर कंडराही होत्या) सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. त्यांपैकी ९७ टक्के कंडरांत झीजेची लक्षणे आढळली. तुलनेसाठी तपासलेल्या न तुटलेल्या कंडरांत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. तुटण्याचा क्षण आकस्मिक असला, तरी त्याची पूर्वतयारी कंडरेत बराच काळ चाललेली असू शकते.

औषधे व आजार

सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन यांसारख्या फ्लुरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरेला सूज येण्याचा व ती तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली या औषधांच्या माहितीपत्रकावर याविषयी ठळक चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले. साठीपुढील व्यक्ती, स्टेरॉइड औषधे घेणारे रुग्ण आणि मूत्रपिंड, हृदय वा फुप्फुस यांचे प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. हे औषध चालू असताना टाचेच्या वर वेदना वा सूज जाणवल्यास व्यायाम थांबवून औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवणे आवश्यक असते.

स्टेरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर, कंडरेत वा तिच्या भोवती दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन, मधुमेह, संधिवाताचे काही प्रकार व मूत्रपिंडाचे जुनाट विकार हेही धोका वाढवणारे घटक मानले जातात. एका पायाची कंडरा तुटलेल्या व्यक्तीला दुसऱ्या पायाची कंडरा तुटण्याचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो.

लक्षणे

कंडरा तुटते त्या क्षणी अनेकांना ‘फट्’ असा आवाज ऐकू येतो आणि कोणीतरी मागून पोटरीवर लाथ किंवा दगड मारल्यासारखे वाटते. खेळाडू वळून पाहतो, तेव्हा मागे कोणीही नसते. हे वर्णन इतके ठरावीक असते की केवळ त्यावरूनही या दुखापतीचा संशय यावा. त्यानंतर पुढील लक्षणे दिसतात :

• टाचेच्या वर अचानक तीव्र वेदना. ती काही वेळाने बरीच ओसरू शकते
• घोट्याभोवती सूज व काही तासांनी काळेनिळे डाग
• कंडरेच्या जागी बोटाने चाचपल्यास लागणारा खळगा
• दुखावलेल्या पायाच्या चवड्यावर उभे राहता न येणे
• चालताना पाऊल मागे रेटता न येणे व त्यामुळे लंगडणे

वेदना ओसरणे हे दुखापत किरकोळ असल्याचे लक्षण नव्हे. तसेच पाऊल खाली वळवता येते, यावरून कंडरा शाबूत आहे असे मानता येत नाही. घोट्याच्या आतील व बाहेरील बाजूने पावलाकडे जाणारे इतर स्नायू आणि पायाची बोटे वाकवणारे स्नायू हे काम अंशतः करू शकतात. सूज वाढल्यावर खळगाही भरून गेल्यासारखा वाटतो. या कारणांमुळे पहिल्या तपासणीत सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतक्या रुग्णांमध्ये ही दुखापत लक्षात येत नाही.

निदान

निदान मुख्यतः शारीरिक तपासणीने होते. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी ब्रिटिश शल्यचिकित्सक सिमंड्स (१९५७) व अमेरिकन शल्यचिकित्सक थॉम्प्सन (१९६२) यांच्या नावाने ओळखली जाते. रुग्णाला पालथे झोपवून पावले पलंगाच्या कडेबाहेर ठेवली जातात आणि पोटरी हाताने दाबली जाते. कंडरा शाबूत असल्यास पाऊल आपोआप खालच्या दिशेने हलते. ती पूर्ण तुटलेली असल्यास पाऊल जवळजवळ स्थिर राहते. दोन्ही पायांची तुलना केली जाते. या चाचणीला कोणतेही उपकरण लागत नाही व ती मिनिटभरात होते.

मॅटल्स चाचणीत पालथ्या झोपलेल्या रुग्णाला दोन्ही गुडघे काटकोनात वाकवण्यास सांगतात. निरोगी पायाचे पाऊल किंचित वरच्या बाजूस रोखलेले राहते. दुखावलेल्या पायाचे पाऊल सैल पडून आडवे होते किंवा नडगीकडे झुकते. या दोन चाचण्या आणि हाताला लागणारा खळगा, या तिन्ही खुणा एकत्र आढळल्यास निदानाविषयी सहसा शंका उरत नाही.

सोनोग्राफीने तुटलेल्या टोकांमधील अंतर मोजता येते आणि पाऊल खाली वळवल्यावर ती टोके जुळतात का, हे पाहता येते. निदान संदिग्ध असल्यास, दुखापत जुनी असल्यास किंवा कंडरा अंशतः फाटल्याचा संशय असल्यास एमआरआय तपासणी उपयोगी ठरते. साध्या क्ष-किरण चित्रात कंडरा दिसत नाही; टाचेच्या हाडाचा तुकडा कंडरेसोबत निघाला आहे का, हे पाहण्यासाठी ते काढले जाते. म्हणूनच ‘एक्स-रे चांगला आहे’ या एकाच निष्कर्षावरून ही दुखापत नाकारता येत नाही.

प्रथमोपचार

दुखापतीचा संशय येताच खेळ थांबवून त्या पायावर भार देणे टाळावे. पाऊल खाली वळलेल्या स्थितीत ठेवून आधार द्यावा, पाय उंच ठेवावा व कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. मालीश करणे, पाऊल वर ओढून ताणणे किंवा ‘मोकळे होईल’ म्हणून चालून पाहणे यांमुळे तुटलेली टोके आणखी दूर जाऊ शकतात. अस्थिरोगतज्ज्ञांकडून शक्य तितक्या लवकर तपासणी करून घेणे श्रेयस्कर असते.

उपचार

उपचाराचा हेतू तुटलेली टोके एकमेकांजवळ आणून ती योग्य लांबीत भरून येऊ देणे हा असतो. कंडरा ताणलेल्या, लांबट स्थितीत भरून आल्यास पोटरीचे स्नायू ढिले पडतात व पाऊल रेटण्याचे बळ कमी होते.

शस्त्रक्रियेविना उपचार

पाऊल खाली वळलेल्या स्थितीत ठेवल्यावर कंडरेची टोके जवळ येतात. या स्थितीत प्लास्टर घातले जाते किंवा टाचेखाली पाचरी असलेला ताठ बूट वापरला जातो. काही आठवड्यांत एकेक पाचर काढून पाऊल हळूहळू काटकोनात आणले जाते. हा उपचार दुखापतीनंतर लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते.

पूर्वी अनेक आठवडे प्लास्टरमध्ये पाय पूर्ण स्थिर ठेवून भार देण्यास मनाई केली जात असे. आता पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच संरक्षक बुटासह भार देणे व घोट्याची मर्यादित हालचाल सुरू करणे अनेक ठिकाणी रूढ झाले आहे. या पद्धतीला कार्यात्मक पुनर्वसन म्हणतात. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया न झालेल्या ५४० रुग्णांवर झालेल्या व २०२० साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्लास्टर आणि लवकर भार देण्याची मुभा देणारा बूट यांच्या परिणामांत नऊ महिन्यांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही.

शस्त्रक्रिया

खुल्या शस्त्रक्रियेत टाचेच्या वर छेद घेऊन कंडरेची टोके मजबूत टाक्यांनी जोडली जातात. लहान छिद्रांतून टाके घालण्याची पद्धत अमेरिकन शल्यचिकित्सक मा व ग्रिफिथ यांनी १९७७ साली मांडली. पुढे तिच्यात अनेक सुधारणा झाल्या. लहान छेदामुळे जखमेचे त्रास कमी होतात, परंतु पावलाच्या बाहेरील कडेला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूला इजा होण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतरही बूट व पुनर्वसनाचा क्रम जवळजवळ तसाच असतो. शस्त्रक्रिया केली म्हणून त्यातून सुटका होत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट्सचा अर्क टोचणे, हा उपाय काही काळ चर्चेत होता. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या २३० रुग्णांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा इंजेक्शनचा फायदा दिसून आला नाही.

कोणता मार्ग निवडावा

या प्रश्नावर वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ मतभेद होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ३.५ टक्के, तर शस्त्रक्रियेविना १२.६ टक्के आढळले होते. त्या काळी शस्त्रक्रियेविना उपचार म्हणजे बहुधा दीर्घकाळचे प्लास्टर असे. कॅनडात १४४ रुग्णांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना लवकर भार व हालचाल देणारे एकच पुनर्वसन दिले गेले. तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या गटात दोन व न झालेल्या गटात तीन रुग्णांची कंडरा पुन्हा तुटली. पुनर्वसन सुधारले की दोन मार्गांतील अंतर बरेच कमी होते, ही गोष्ट यातून पुढे आली.

नॉर्वेतील चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ५२६ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण करण्यात आले. वर्षभरानंतर वेदना, बळ व हालचाल यांविषयी रुग्णांनी दिलेल्या गुणांत तिन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. इतर परिणाम मात्र पुढीलप्रमाणे भिन्न होते :

• शस्त्रक्रियेविना उपचार : कंडरा पुन्हा तुटणे ६.२ टक्के, मज्जातंतूला इजा ०.६ टक्के
• खुली शस्त्रक्रिया : कंडरा पुन्हा तुटणे ०.६ टक्के, मज्जातंतूला इजा २.८ टक्के
• लहान छेदाची शस्त्रक्रिया : कंडरा पुन्हा तुटणे ०.६ टक्के, मज्जातंतूला इजा ५.२ टक्के

यावरून निवड ही एका जोखमीच्या बदल्यात दुसरी जोखीम स्वीकारण्याची असते, हे स्पष्ट होते. शस्त्रक्रियेने पुन्हा तुटण्याचा धोका कमी होतो. शस्त्रक्रियेविना उपचारात जखमेतील जंतुसंसर्ग, व्रण न भरणे व मज्जातंतूची इजा हे धोके टळतात. मधुमेह, धूम्रपान, पायातील क्षीण रक्तपुरवठा किंवा उतारवय असलेल्या रुग्णांत जखम भरून येण्याची अडचण अधिक असल्याने शस्त्रक्रियेविना उपचाराकडे कल असतो. व्यावसायिक खेळाडू, टोकांमध्ये मोठे अंतर राहिलेले रुग्ण आणि उशिरा आलेले रुग्ण यांच्यात शस्त्रक्रिया अधिक वेळा निवडली जाते. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या पुरुष रुग्णांचा वाटा २००१ साली ४३ टक्के होता. २०१२ पर्यंत तो २८ टक्क्यांवर आला.

जुनी दुखापत

चार ते सहा आठवड्यांहून अधिक काळ निदान न झालेली दुखापत जुनी मानली जाते. तोपर्यंत स्नायू आखडून वर सरकलेला असतो व टोकांमधील जागा दुर्बल व्रण-ऊतीने भरलेली असते. अशा वेळी साधे टाके पुरत नाहीत. पोटरीच्या स्नायूचा कंडरामय भाग खाली सरकवणे, त्याची पट्टी उलटवून खालच्या टोकाला जोडणे किंवा पायाचा अंगठा वाकवणाऱ्या स्नायूची कंडरा टाचेच्या हाडात बसवणे अशा पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात. शक्ती नसलेल्या किंवा मर्यादित हालचाल असलेल्या वृद्धांमध्ये घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्यावरही निभावते.

पुनर्वसन

कंडरा भरून येण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या आठवड्यात दाहाची अवस्था असते. पुढील काही आठवड्यांत नवे पण विस्कळीत कोलॅजेन तयार होते. त्यानंतर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ त्या तंतूंची फेररचना होऊन ते ओढीच्या दिशेत लागतात. योग्य प्रमाणातील भार या फेररचनेला मदत करतो. अकाली व अतिरिक्त भार कंडरा लांबवतो किंवा पुन्हा तोडतो.

पुनर्वसनाचा सर्वसाधारण क्रम असा असतो. प्रत्यक्ष वेळापत्रक उपचार करणारे डॉक्टर व भौतिकोपचारतज्ज्ञ ठरवतात :

• पहिले २ आठवडे : पाऊल खाली वळलेल्या स्थितीत, कुबड्यांचा आधार
• २ ते ८ आठवडे : बुटासह वाढता भार, पाचरी क्रमाने कमी करणे, पाऊल काटकोनापलीकडे वर न नेता घोट्याची हालचाल
• ८ ते १२ आठवडे : किंचित उंच टाचेच्या साध्या बुटाकडे संक्रमण; बसून व नंतर दोन्ही पायांवर उभे राहून टाचा उचलणे
• ३ ते ६ महिने : एका पायावर टाच उचलण्याचा सराव, त्यानंतर हलके धावणे
• ६ महिन्यांनंतर : उड्या, अचानक दिशा बदलणे व खेळाकडे क्रमशः परतणे

बूट सोडल्यानंतरचे काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. वेदना नसल्याने रुग्णाला पाय बरा झाल्यासारखे वाटते. परंतु कंडरेचे बळ अद्याप आलेले नसते. ओल्या फरशीवर घसरणे किंवा जिन्याची पायरी चुकणे एवढ्या निमित्तानेही ती पुन्हा तुटू शकते. मांडी घालून वा उकिडवे बसून उठताना पाऊल वरच्या दिशेने बरेच वाकते. म्हणून या काळात कमोडचा व खुर्चीचा वापर करणे सोयीचे ठरते.

गुंतागुंत

पाय दीर्घकाळ स्थिर राहिल्याने पोटरीतील खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतू शकते. पोटरीत वाढती वेदना व सूज, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. जोखीम पाहून काही रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात.

कंडरा पुन्हा तुटणे, ती लांबट होऊन भरणे, जखमेत जंतुसंसर्ग, मज्जातंतूच्या इजेमुळे पावलाच्या कडेला बधिरपणा आणि घोट्याचा ताठरपणा या इतर गुंतागुंती आहेत.

भवितव्य

बहुतेक रुग्ण दैनंदिन व्यवहारात परततात. बैठे काम करणारे काही आठवड्यांत, तर उभ्याने वा अंगमेहनतीचे काम करणारे काही महिन्यांत कामावर रुजू होऊ शकतात. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे ८० टक्के रुग्ण पुन्हा खेळू लागतात. तथापि दुखावलेल्या बाजूची पोटरी किंचित बारीक राहणे व तिचे बळ दुसऱ्या बाजूपेक्षा कमी असणे हे वर्षानुवर्षे दिसून येते. उच्च स्तरावरील खेळाडूंसाठी एवढा फरकही निर्णायक ठरतो. अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल संघटनेत १९८८ ते २०११ या काळात ही दुखापत झालेल्या १८ खेळाडूंपैकी सात जण त्या स्तरावर पुन्हा खेळू शकले नाहीत.

प्रतिबंध

ही दुखापत निश्चितपणे टाळणारा उपाय नाही. जोखीम मात्र कमी करता येते. दीर्घ खंडानंतर खेळ सुरू करताना ताण आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवणे, खेळण्यापूर्वी शरीर गरम करणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा पोटरीला बळकटी देणारे व्यायाम करणे हे त्यांतील प्रमुख होत. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम स्वीडिश शल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली कंडरेच्या जुनाट दुखण्यावर उपचार म्हणून मांडला व तो जगभर वापरला जातो. सकाळी उठल्यावर टाचेच्या वर ताठरपणा वा वेदना जाणवत असल्यास ती दुर्लक्षून खेळत राहू नये. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन टाळावे.

इतिहास

फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रोझ पारे याने सोळाव्या शतकात या दुखापतीचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला व ती रूढ होत गेली. १९८१ साली स्वीडनमधील निस्टर यांनी १०५ रुग्णांवरील चाचणीतून शस्त्रक्रियेविना उपचारही तितकेच समाधानकारक असल्याचे दाखवले आणि वादाला नवे वळण मिळाले. त्यानंतरच्या चार दशकांत चर्चेचा रोख शस्त्रक्रिया करावी की नाही, यावरून पुनर्वसन कसे करावे, याकडे वळला.

प्रसिद्ध खेळाडूंच्या दुखापती

इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याची डाव्या पायाची कंडरा मार्च २०१० मध्ये एसी मिलान संघाकडून खेळताना तुटली. फिनलंडमधील तुर्कू येथे त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीच्या विश्वचषकाला तो मुकला. चीनचा अडथळा शर्यतपटू लिउ श्यांग याची कंडरा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्याच अडथळ्यावर तुटली; त्याने एका पायावर उड्या मारत अंतिम रेषा गाठली. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याने एप्रिल २०१३ मध्ये कंडरा तुटल्यानंतरही मैदान सोडण्यापूर्वी दोन फ्री थ्रो यशस्वीपणे टाकले. कंडरा तुटूनही माणूस उभा राहू शकतो, ही निदान चुकवणारी गोष्ट या प्रसंगात ठळकपणे दिसते. जून २०१९ मध्ये ही दुखापत झालेला केव्हिन ड्युरंट २०१९–२० चा संपूर्ण हंगाम खेळला नाही. त्यानंतर मात्र तो आघाडीचा खेळाडू म्हणून परतला.